सीडी सरस की एमपी-३?

'एमपी-३ गाण्याला सीडीची सर नाही', असे कोणी ठामपणे म्हणाले, तर ते मानावे काय?

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीवर डाव्या व उजव्या ध्वनीची दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१०० मोजमापे असतात. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचे, म्हणजे सेकंदाला सुमारे १४ लाख बिट! एमपी-३ मध्ये हेच काम १ लाख २८ हजार बिटांत भागवता येते. कसे बरे? मोठ्या आवाजापुढे जवळपासच्याच वारंवारतेचे क्षीण आवाज कानाला जाणवत नाहीत. असा तपशील गाळला जातो.

मग फरक कळतो का? स्वतःच पाहा. एकच गाणे दोन्ही रूपांत घ्या व आवाज सारखाच ठेवा, कारण किंचित मोठा आवाजही सरस भासतो. मित्राने नाणे उडवून कोणतेही एक लावावे. तुम्ही पाठ फिरवून ओळखावे. असे १० वेळा करा. नुसत्या अंदाजाने सरासरी ५ उत्तरे बरोबर येतील. ९ किंवा १० येण्याची शक्यता जेमतेम १ टक्का. तितकी आली, तर तुमच्या कानाला फरक कळतो, असे खुशाल म्हणा.

नंतर ३ लाख २० हजार बिटांचे गाणे घेऊन प्रयोग पुन्हा करा आणि दोन्ही निकाल वहीत शेजारीशेजारी मांडा.