गोळीची पारख

निपाणीच्या आसपासचा ऊस असो की खानापूरकडील भात असो, पीक हाताशी आले की रानडुकरांची धाड पडते, हे आपल्या या सीमाभागात कोणास सांगावयास नको. कळप खातो थोडे आणि तुडवितो फार. अशा वेळी पारावर एक प्रश्न हटकून निघतो : ज्याच्यापाशी परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे, त्याने ते डुकरावर का चालवू नये? हत्यार आहे, काडतुसे आहेत, मग अडते कोठे?

पहिली अडचण कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार आपल्या देशात संपली. उभ्या पिकास उपद्रव देणाऱ्या रानडुकरापुरती वाट त्याच कायद्याच्या अकराव्या कलमात ठेविली आहे. परंतु त्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा, अथवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याचा, कारणे नमूद केलेला लेखी हुकूम हातात असावा लागतो. हत्याराचा परवाना म्हणजे मारण्याची परवानगी नव्हे. आणि हुकूम मिळाला तरी दुसरी अडचण उरतेच. ती आहे गोळीची.

गोळीकडून दोन कामांची अपेक्षा असते. तिने मर्मस्थानापर्यंत पोहोचावे, आणि पोहोचताना रुंद वाट पाडावी. ही दोन कामे एकमेकींच्या विरुद्ध जातात, हीच या विषयातील खरी मेख आहे. गोळीचे टोक मऊ शिशाचे असले, अथवा त्यास पोकळ खळगा ठेविला, तर मांसात शिरताच ते छत्रीसारखे उमलते. जखम मोठी होते, पण उमललेली गोळी लवकर अडते. उलट, तांब्याच्या कवचात पूर्ण बंद केलेली गोळी उमलत नाही. ती खोल जाते, कित्येकदा आरपार निघते, आणि मागे अरुंद छिद्र ठेविते. असे जनावर तत्काळ पडत नाही.

उमलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. कलकत्त्याजवळील डमडमच्या शस्त्रशाळेत १८९६ च्या सुमारास कॅप्टन बर्टी-क्ले यांनी रायफलच्या गोळीचे टोक उघडे शिशाचे ठेवून ती तयार केली. तिच्या जखमा इतक्या भयंकर ठरल्या की १८९९ मध्ये हेग येथील परिषदेने युद्धात अशी गोळी वापरण्यास मनाई केली. शिकारीत मात्र तीच गोळी दयेची मानली जाते, कारण जनावर लवकर मरते. एकच वस्तू रणांगणावर क्रौर्य ठरते आणि रानात दया ठरते, याचे मला अद्यापि नवल वाटते.

परंतु हे रायफलचे झाले. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरची गोष्ट निराळी आहे. आपल्याकडे परवान्यावर सामान्यतः मिळणारे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर घ्या. त्याची शिशाची गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची असून ती सेकंदाला सुमारे दोनशे मीटर वेगाने सुटते. वजनाला वेगाच्या वर्गाने गुणून निम्मे करा, म्हणजे तिची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आतबाहेर येते. अमेरिकेतील अनेक राज्यांत रिव्हॉल्व्हरने हरणा-डुकरांची शिकार कायदेशीर आहे. तेथे १९५५ च्या सुमारास निघालेले चव्वेचाळीस मॅग्नम हे काडतूस वापरतात. त्याची ऊर्जा याच्या आठपट भरते, आणि तरीही तेथील जाणते शिकारी मोठ्या डुकरासाठी फार उमलणारी गोळी टाळतात. शिशात कथील व अँटिमनी मिसळून कठीण केलेली, पुढून चपटी गोळी ते पसंत करतात. ती सरळ व खोल जाते, आणि तिचे चपटे तोंड उमलल्यावाचूनच पुरेशी वाट पाडते.

ही पारख करावयाची कशी? प्रयोगशाळेत दहा टक्के जिलेटिनचा ठोकळा चार अंश सेल्सियसला थंड करून त्यावर गोळी झाडतात. ठोकळा नीट जमला की नाही, हेही आधी तपासतात : साडेचार मिलिमीटरचा पोलादी छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने मारला असता तो साधारण साडेआठ सेंटिमीटर आत गेला पाहिजे. १९८६ मध्ये मायामी येथील चकमकीत एका पोलीस गोळीची धाव गुन्हेगाराच्या हृदयाच्या अलीकडेच संपली. तेव्हापासून अमेरिकी तपासखात्याने किमान बारा इंच, म्हणजे तीस सेंटिमीटर, खोलीची अट घातली. पुढे ठोकळ्यावर जाड कापड घालूनही परीक्षा होऊ लागली, कारण कापडाने खळगा बुजला की उमलणारी गोळी उमलतच नाही. तिकडील हौशी लोक भिजविलेल्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावरही गोळी तपासतात; जुन्या अंकांचा हा उपयोग संपादकांना रुचेल की नाही, कोण जाणे! आपल्याकडे मात्र असे प्रयोग परवानगीच्या चांदमारीच्या मैदानाबाहेर करू नयेत.

जिलेटिनला हाड नसते, चामडे नसते. पूर्ण वाढलेला नर रानडुक्कर शंभर किलोच्या घरात जातो, आणि त्याच्या खांद्यावर कातड्याखाली चिवट जाड थर असतो. त्यातून व फासळीतून जाऊन हृदय गाठण्यास दीडशे ज्यूल अपुरे आहेत. ते डुक्कर जखमी होऊन उसात शिरते. दुसऱ्या दिवशी त्या फडात कोयता घेऊन उतरतात ते ऊसतोड मजूर. त्यांना आत काय दडले आहे याची कल्पना नसते.

म्हणून पारावरील त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. हुकूम हाती असेल तर रिव्हॉल्व्हर घरी ठेवावे, आणि हे काम योग्य रायफल अथवा जवळून बारा बोअरची एकसंध गोळी चालविणाऱ्या सरावलेल्या माणसावर सोपवावे. मेलेले जनावर सरकारी मालकीचे असते, तेव्हा वनखात्यास तत्काळ कळवावे. निपाणीकरांना आणखी एक ध्यानात ठेवावे लागते : डुक्कर रात्रीतून कागल तालुक्याच्या शिवारात जाते, परंतु कर्नाटकाचा हुकूम हद्दीपाशी थांबतो. पलीकडे महाराष्ट्राच्या अधिकाऱ्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.