आवाज गेला, धार राहिली

श्रावण सरत आला की परसातले गवत गुडघ्याला लागते. सणासुदीचे दिवस, पाहुण्यांची ये-जा आणि गवतात एखादे जनावर असेल ही धास्ती. त्यामुळे अंगण साफ करणे भागच असते. पूर्वी विळा-कोयता घेऊन दोन माणसे दिवसभर खपत. मग पेट्रोलवर चालणारे गवत कापण्याचे यंत्र आले. आता तालुक्याच्या बाजारपेठेतही बॅटरीवर चालणारी गवतकापणी, फांद्या छाटण्याची छोटी करवत, कुंपण कातरण्याचे यंत्र आणि फवारणीचा पंप सहज मिळतो. बटण दाबले की काम सुरू! पण या सोयीचा आपल्या आरोग्याशी काय संबंध, याचा विचार किती जण करतात?

आधी फायदे पाहू. पेट्रोलच्या छोट्या इंजिनाचा धूर चालवणाऱ्याच्या नाकाशीच असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. दम्याच्या रुग्णाला हा धूर विशेष बाधतो. बॅटरीच्या यंत्रात तो नाही. विजेची लांब वायर ओल्या अंगणातून ओढावी लागत नाही, म्हणून वायर कापली जाऊन शॉक बसण्याची भीतीही टळते. आवाज पुष्कळ कमी होतो, आणि ही गोष्ट लहान नाही. ८५ डेसिबलचा आवाज रोज ८ तास कानावर पडत राहिला तर श्रवणशक्तीला धोका पोहोचतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटे! हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागत असेल तर यंत्र बॅटरीचे असले तरी कानात बोळे घालावेत.

मात्र इथेच एक फसगत होते. धूर नाही, धडधड नाही, म्हणून यंत्र खेळण्यासारखे वाटू लागते. इंजिनाचा आवाज हा एक प्रकारचा इशारा होता. तो ऐकून मुले लांब जात, चालवणाराही सावध राही. बॅटरीने आवाज कमी केला, पात्याची धार कमी केली नाही.

बोटाची एक कळ

बंद पडलेले पेट्रोलचे यंत्र पुन्हा सुरू करायला बहुधा दोरी ओढावी लागते. बॅटरीच्या यंत्राला कळीवर बोट पडले तरी पुरते. पात्यात गवत अडकते, आपण ते हाताने काढू लागतो आणि दुसऱ्या हाताचा दाब नकळत कळीवर पडतो. म्हणून एकच नियम घरात सर्वांना पाठ करून घ्यावा: पात्याला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून बाजूला ठेवायची. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. काम संपल्यावरही बॅटरी काढूनच यंत्र ठेवावे आणि बॅटरी मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी.

एका हाताने धरायची छोटी करवत हाताळायला सोपी म्हणूनच घातक ठरते. उजव्या हातात करवत आणि डाव्या हाताने फांदी धरायची, ही सवय बोटावर बेतते. साखळीच्या टोकाकडचा भाग फांदीत अडकला तर करवत झटक्याने उसळून अंगावर येते. शिडीवर उभे राहून करवत चालवू नये. विजेच्या तारांजवळची फांदी तर स्वतः तोडूच नये. वीज कंपनीच्या माणसांना बोलवावे.

जखम झालीच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे आणि हात वर ठेवावा. हळद, चहापूड किंवा चुना भरू नये. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोटाला थेट बर्फ लावू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. योग्य वेळेत पोहोचल्यास बोट पुन्हा जोडता येण्याची शक्यता असते. मातीत झालेल्या जखमेनंतर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे की नाही, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

डोळा सर्वांत नाजूक

गवत कापणारे पाते किंवा नायलॉनची दोरी मिनिटाला हजारो फेरे घेते. वाटेत आलेला खडा, काचेचा तुकडा किंवा तारेचे टोक गोळीसारखे उडते. म्हणून आधी जागा पायी फिरून दगड-काचा वेचाव्यात, माणसे व गुरे किमान १५ मीटर दूर ठेवावीत आणि डोळ्यांना बाजूनेही झाकणारा चष्मा लावावा. उन्हाचा गॉगल हे काम करत नाही. पायात स्लिपर नव्हे, बूट हवेत.

डोळ्यात काही गेले तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने धुवावे. काही रुतलेले असेल तर मात्र धुणे नको आणि काढणेही नको. दाब न देता डोळा झाकून रुग्णालय गाठावे. धातूचा बारीक कण आत शिरला तर बाहेरून जखम टाचणीच्या टोकाएवढीच दिसते, म्हणून अंधुक दिसू लागल्यास थांबू नये. पान, काडी किंवा कुसळ लागून बुबुळाला खरचटले तर काही दिवसांनी तिथे बुरशीचा व्रण होऊ शकतो. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे ही त्याची लक्षणे. अशा वेळी दूध, मध किंवा पाल्याचा रस घालणे आणि औषधाच्या दुकानातून मनाने थेंब आणणे, दोन्ही घातक. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बुरशी अधिकच फोफावते आणि दृष्टी कायमची जाऊ शकते.

कंप आणि कंबर

यंत्राच्या कंपाने बोटांतल्या रक्तवाहिन्या व नसा बिघडतात. अमेरिकेत इंडियाना राज्यातील बेडफर्ड येथे हवेच्या दाबावरचे हातोडे वापरणाऱ्या पाथरवटांची बोटे थंडीत पांढरी पडतात, हे डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये तपासले होते. घरचे अंगण आठवड्यातून एकदा साफ करणाऱ्याने घाबरू नये. परंतु रोज मजुरीने यंत्र चालवणाऱ्याच्या बोटांना मुंग्या येत असतील किंवा बधिरता टिकत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. दर अर्ध्या तासाने हात मोकळे करावेत. यंत्राचा पट्टा खांद्यावर नीट बसवावा, नाहीतर सारा भार एका हातावर आणि कमरेवर येतो.

पाठीवरचा पंप

परसातल्या लिंबावर, भाजीवर किंवा शेतात औषध मारायला बॅटरीचा पंप आला. हाताच्या पंपात दांडा थांबला की थोड्या वेळात फवारा मंदावे. बॅटरीचा पंप थकत नाही. थोड्या वेळात अधिक औषध हवेत उडते आणि अंगावरही येते. १६ लिटरची टाकी भरली की पाठीवर १६ किलोचे पाणीच होते, पंपाचे वजन वेगळे. टाकी गळकी असेल तर पाठ तासन् तास विषात भिजते आणि ते विष कातडीतून शरीरात जाते.

हे भय काल्पनिक नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे प्राण गेले. डोक्याएवढी वाढलेली कपाशी, निरनिराळ्या औषधांची मिश्रणे आणि उघडे अंग यांबरोबरच बॅटरीवरच्या जोरदार पंपांचीही तेव्हा चर्चा झाली होती.

म्हणून वाऱ्याकडे पाठ करून फवारावे. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, चष्मा व मास्क वापरावा. तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही. मध्येच तंबाखू मळू नये, बिडी ओढू नये. मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांपुढे अंधुक, स्नायूंची थरथर किंवा धाप जाणवली तर काम लगेच थांबवावे. कपडे काढून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचे लेबल घेऊनच दवाखाना गाठावा. त्यावरून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

बॅटरीचीही काळजी

बॅटरी तिच्याच चार्जरवर, कोरड्या व मोकळ्या जागी भारित करावी. उन्हात, अंथरुणाजवळ किंवा रात्रभर लावून ठेवू नये. फुगलेली, आपटलेली किंवा भिजलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते. ती वापरू नये आणि उकिरड्यावरही टाकू नये. विक्रेत्याकडे परत द्यावी. वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

शेवटी एक गोष्ट. यंत्र विकत घेतो मालक आणि चालवतो बहुधा रोजंदारीवरचा माणूस. यंत्रासाठी हजारो रुपये मोजणाऱ्याने चष्मा, हातमोजे आणि बूट यांचाही खर्च त्याच दिवशी करावा आणि ते घातल्याशिवाय काम सुरू करू देऊ नये. अंगण एक दिवस उशिरा साफ झाले तरी चालेल. गेलेला डोळा मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही.