ओपन सोर्स प्रकल्प ‘ग्रॅज्युएट’ कधी होतो?

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यात यंत्रांवरच्या सेन्सरची माहिती एका जागी आणायची म्हटली, की अपाची काफ्काचे नाव निघतेच. मग मालक विचारतो, ‘हे पक्के आहे ना?’ त्यावर आवृत्तीचा क्रमांक, गिटहबवरचे स्टार नाहीतर ‘ग्रॅज्युएट’ हा शिक्का पुढे केला जातो. नाशिकच्या अभियांत्रिकीच्या मुलांनाही याच खुणा शिकवल्या जातात. या खुणांचा अर्थ बहुतेक जण चुकीचा लावतात, म्हणून हा खुलासा.

गैरसमज: १.० आवृत्ती आली की प्रकल्प परिपक्व.

काफ्काच घ्या. लिंक्डइनमध्ये जन्मलेला हा प्रकल्प २०११ मध्ये अपाची फाउंडेशनच्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे नव्या प्रकल्पांना पारखणाऱ्या विभागात आला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये ग्रॅज्युएट झाला, म्हणजे तिथून बाहेर पडून पूर्ण प्रकल्प बनला. त्याची १.० आवृत्ती मात्र नोव्हेंबर २०१७ मध्ये निघाली, म्हणजे तब्बल पाच वर्षांनी. अपाचीचाच स्पार्क फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्रॅज्युएट झाला, १.० त्याच वर्षी मे महिन्यात आली.

उलट उदाहरण ओपनऑफिसचे. त्याचे मूळ १९८५च्या स्टाररायटरमध्ये, म्हणजे पुढच्या स्टारऑफिसमध्ये. २०११ मध्ये ते अपाचीकडे आले तेव्हा जगभर वापरात होते. तरी त्याला सव्वा वर्षाहून अधिक काळ इन्क्युबेटरमध्ये काढावा लागला. प्रश्न कोडच्या वयाचा नव्हताच. परवाने साफ आहेत का, निर्णय उघडपणे होतात का आणि नवी मंडळी आत येतात का, हे तिथे तपासले जाते. २००२ पासून चालत आलेल्या या इन्क्युबेटरचा सगळा भर एका गोष्टीवर आहे: मूळ कंपनीने हात काढून घेतला, तरी हा समूह आपला कारभार चालवू शकेल का?

गैरसमज: प्रकल्प सांभाळणारा एक हुशार, तळमळीचा मेंटेनर असला की पुरे.

हा सगळ्यांत घातक समज. एक्सझेड नावाची फाइल लहान करणारी लायब्ररी असंख्य लिनक्स यंत्रणांत आहे. तिचा भार वर्षानुवर्षे मुख्यतः एका माणसावर होता, तोही बिनपगारी. मदतीला आलेल्या एका अनोळखी नावाने दोन-एक वर्षे कामे करून विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये त्यात चोरदरवाजा घुसवला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन किंचित मंदावल्याचे खटकले, म्हणून मार्चमध्ये ते उघड झाले. दोष त्या थकलेल्या मेंटेनरचा मुळीच नाही. त्याच्या जोडीला कोणी उभे राहिले नाही, हा आहे. म्हणूनच कुबरनेटीस हा प्रकल्प ज्या सीएनसीएफ या संस्थेच्या छत्राखाली आहे, तिथे ग्रॅज्युएट होण्यासाठी एकाहून अधिक संस्थांतले कमिटर (कोडमध्ये बदल करण्याचा अधिकार असलेले) आणि बाहेरच्या तज्ज्ञांकडून सुरक्षा तपासणी लागते. स्टारची संख्या यातले काहीच सांगत नाही.

गैरसमज: रिलीज म्हणजे वरिष्ठाने बटण दाबणे.

अपाचीत रिलीजसाठी मतदान होते आणि ते सहसा किमान ७२ तास खुले ठेवतात, कारण लोक वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वेळी काम करतात. निदान ३ बंधनकारक होकार लागतात, आणि होकार नकारांहून जास्त असावे लागतात. एकट्याचा नकार रिलीज अडवू शकत नाही, पण शहाणा समूह तो वाचल्याशिवाय पुढे जात नाही. मत देण्याआधी सोर्सची फाइल उतरवायची, चेकसम आणि डिजिटल सही जुळते का पाहायचे, परवान्याची फाइल उघडून आतल्या दुसऱ्यांच्या कोडची नोंद आहे का ते बघायचे, मग आपल्याच यंत्रावर बिल्ड करायचे. बंधनकारक मत प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीच्या सदस्यांचे, पण तपासून मत कळवायला कोणालाही मोकळीक आहे. कॉलेज रोडवरच्या वसतिगृहात बसलेल्या मुलीलाही. ओपन सोर्समध्ये शिरायची याहून चांगली वाट मला तरी दिसत नाही.

गैरसमज: एकदा ग्रॅज्युएट झाला की चिंता मिटली.

ओपनऑफिस २०१२ मध्ये ग्रॅज्युएट झाले. अनेक विकासक त्याआधीच लिबरऑफिसकडे गेले होते, आणि २०१६ मध्ये ओपनऑफिस बंद करावे का, यावर त्याच्याच समितीत उघड चर्चा झाली. लॉग४जे अपाचीचा जुना, मुरलेला प्रकल्प; डिसेंबर २०२१ मध्ये त्यातल्या एका त्रुटीने जगभरच्या यंत्रणांची झोप उडवली. मोजक्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस बसून दुरुस्त्या काढल्या. त्रुटी कुठेही निघेल. ती कळवल्यावर समोर माणसे आहेत की नाहीत, यावर पुढचे सगळे ठरते. निवृत्त प्रकल्पांसाठी अपाचीने २००८ पासून ‘ॲटिक’ हा वेगळा विभागच ठेवला आहे.

तेव्हा अंबडच्या त्या मालकाला शिक्का दाखवण्यापूर्वी प्रकल्पाचे गेल्या वर्षभराचे काम उघडून बघा. कोड कोणी लिहिला, लिहिणारे किती कंपन्यांतले आहेत, गेली तीन रिलीज एकाच माणसाने काढली का, सुरक्षेच्या तक्रारीला उत्तर किती दिवसांत गेले. तासाभराचे काम आहे, आणि त्यासाठी कोड वाचता येण्याचीही गरज नाही.