ख्रिस्ती युगान्तविचार आणि दुःखाचे प्रयोजन

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू व तलासरी तालुक्यांत भूकंपाच्या धक्क्यांची जी मालिका सुरू झाली, तिचे स्मरण पालघर जिल्ह्यातील वाचकांस नव्याने करून द्यावयास नको. धुंदलवाडी परिसरातील कुटुंबांनी ऐन थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. १ फेब्रुवारी २०१९ च्या धक्क्यांच्या वेळी दोन वर्षांची एक बालिका पळताना पडून, डोक्यास मार लागून मृत्यू पावली. त्याच सुमारास आमच्या पालि वर्गातील, बोईसरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका उपासकाने आपल्या ख्रिस्ती सहकाऱ्याने दिलेले पत्रक आणून दाखविले. भूकंप, दुष्काळ व रोगराई ही युगसमाप्तीची चिन्हे होत, असे त्यात म्हटले होते. उपासकाचा प्रश्न सरळ होता : "सर, मग त्या लेकराने काय पाप केले होते?"

या प्रश्नास ख्रिस्ती धर्मात एकच ठरीव उत्तर आहे, अशी समजूत आपल्या अभ्यासकांतही आढळते. ती यथार्थ नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात भूकंपांचा उल्लेख आहे हे खरे. परंतु तेथेच त्यांस वेदनांचा केवळ आरंभ म्हटले आहे, आणि तो दिवस पित्यावाचून कोणासही ठाऊक नाही असेही बजावले आहे. पत्रक लिहिणारे बहुधा पहिला भाग घेतात आणि दुसरा सोडतात.

वादाचे दुसरे स्थान म्हणजे 'प्रकटीकरण' या ग्रंथाचा २० वा अध्याय. त्यातील सहस्र वर्षांचे राज्य अक्षरशः घ्यावयाचे की रूपकाने? पाचव्या शतकात संत ऑगस्टिन यांनी रूपकात्मक अर्थ मान्य केला व कॅथलिक परंपरा त्याच वाटेने गेली. आपल्या जिल्ह्यातील जुना ख्रिस्ती समाज प्रामुख्याने याच परंपरेतील आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी तारापूर व वसई घेईपर्यंत या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता. याउलट एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी असे मत मांडले की, महासंकटाचा काळ येण्यापूर्वीच श्रद्धावंत वर उचलले जातील. १९०९ च्या स्कोफिल्ड यांच्या सटीप बायबलमुळे हे मत दूरवर पसरले. अक्षरार्थ मानणाऱ्यांतही त्यास विरोध झाला : श्रद्धावंतांनाही संकटातून जावेच लागेल, असे अनेकांनी आग्रहाने सांगितले. वरवर पाहता हा कालगणनेचा वाद आहे. वस्तुतः दुःख टाळावयाचे की सोसावयाचे, आणि ते सोसून काय साधते, असा तो वाद आहे.

प्रयोजनाविषयीही एकवाक्यता नाही. ईयोबाचे मित्र त्याचे दुःख पापाचे फळ ठरवितात आणि ग्रंथाच्या शेवटी देवाकडूनच दोषी ठरतात. दुसऱ्या शतकातील इरेनियस यांनी मानव अपूर्ण असून हळूहळू परिपक्व व्हावयाचा आहे असे मानले; त्या आधारे जॉन हिक यांनी १९६६ मध्ये, जग ही आत्म्याच्या घडणीची भूमी होय, असे प्रतिपादिले. प्रस्तुत लेखकास हे मत दोन वर्षांच्या बालिकेपुढे टिकत नाही असे वाटते. तिची कोणती घडण झाली? पोप जॉन पॉल दुसरे यांचे १९८४ चे दुःखविषयक पत्र अधिक सावध आहे. त्यात ख्रिस्ताच्या दुःखातील सहभागाचा विचार आहे, तसाच वाटेत जखमी पडलेल्यास उचलणाऱ्या शोमरोन्याचाही.

महाराष्ट्रात या वादाचे सर्वांत बोलके उदाहरण केडगावचे आहे. १९०५ च्या जून महिन्यात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जे धर्मजागरण झाले, त्यासारख्या चळवळींस त्या काळी अनेक मिशनरी 'शेवटचा पाऊस' म्हणत, म्हणजे युगान्तापूर्वीचा आत्म्याचा वर्षाव. (पॅलेस्टाईनमध्ये हा पाऊस कापणीपूर्वी दाणा भरविण्यास येतो. कापणीच्या तोंडावरचा पाऊस म्हणजे नुकसान, हे जाणणाऱ्या आपल्या भातशेतकऱ्यास ही उपमा विचित्रच वाटेल.) परंतु त्यापूर्वीच, १८९६-९७ च्या दुष्काळात, रमाबाई मध्य प्रांतात जाऊन सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या होत्या. काळ्या घोड्यावरील तराजूधारी हे प्रकटीकरणातील दुष्काळाचे चिन्ह त्यांस अपरिचित नव्हते. त्यांचे स्वतःचे मातापिता १८७४ च्या सुमारास दुष्काळातच गेले होते. तरीही केडगावी विहिरी खोदल्या गेल्या, माग व छापखाना चालला, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, तेथेच छापून झाले. जगाचा अंत उद्यावर आला असे मानणाऱ्या वातावरणात ही कामे चालली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात सर्व सुखदुःख ईश्वरनिर्मित मानणाऱ्या मताचे जे खंडन आहे, ते या सर्व पक्षांवर सरसकट लावणे घाईचे होईल. लूककृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा प्रसंग आहे. ती इतरांहून अधिक पापी होती काय, या प्रश्नास तेथे स्पष्ट नकार दिला आहे. संयुत्तनिकायातील सीवक परिव्राजकास भगवंतांनी वेदनेची आठ कारणे सांगितली. पित्त, ऋतुपरिवर्तन, आकस्मिक आघात ही त्यांत असून कर्मविपाक हे आठांपैकी केवळ एक आहे. दोन्ही ग्रंथांची भूमिका निराळी आहे. पण मृतास दोषी ठरविण्याची घाई दोन्हीकडे नाकारली आहे.

हे दोन्ही उतारे आम्ही त्या उपासकास वाचावयास दिले. पुढील रविवारी तो सांगत आला की, सहकाऱ्याशी बोलणे झाले. पत्रकावरून त्यांच्या मंडळीतही दोन पक्ष पडले आहेत, आणि दोन्ही पक्षांची माणसे ताडपत्र्या घेऊन डहाणूकडे जाऊन आली आहेत.