दिव्याखाली वाळणारी शाई : घेण्याआधी काय विचारावे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या बनियनच्या पाकिटांची लेबले छापून आली, ती बोटाला चिकटत होती. छपाईवाल्याने दोष शाईला दिला, शाईवाल्याने छपाईवाल्याला. माल आठ दिवस गोदामात पडून राहिला. तेव्हा या शाईत असते तरी काय, याची आम्ही चौकशी केली. लेबले, डबे, झाकणे यांच्या धंद्यातील बांधवांच्या उपयोगी पडेल म्हणून ती माहिती येथे देत आहोत.

ही शाई अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालून जाताच घट्ट होते. तिच्यात कॅटायनिक फोटोइनिशिएटर नावाचे रसायन शेकडा काही टक्केच असते. ते बहुधा सल्फोनियम किंवा आयोडोनियम जातीचे लवण. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जेम्स क्रिव्हेलो यांनी 1970 च्या दशकात त्यावर मोठे काम केले. उजेड लागला की हे लवण फुटते व त्यातून फार तीव्र आम्ल निघते. ते आम्ल इपॉक्सी रेझिनच्या कड्या उघडून एकमेकींत गुंफते. दिवा गेला तरी हे काम चालूच राहते. ॲक्रिलेटच्या शाईत तसे होत नाही. हवेतला ऑक्सिजन आड येत नाही, थर कमी आकसतो, म्हणून पत्र्यावर व प्लास्टिकवर पकड चांगली. डब्यांचे वार्निश, चिकटद्रव्ये, लेसरने नमुने घडवणारी थ्रीडी यंत्रे, सगळीकडे त्याचा वापर आहे.

पण आम्ल म्हटले की त्याचे वैरी आले. एक ओलावा. हवा फार दमट असली की शाई रेंगाळते. आमच्या लेबलांचे तेच झाले असावे. दुसरा अल्कली. खडूचा लेप दिलेल्या कागदावर ती नीट वाळत नाही. सुती कापडावर छापायचे असेल तर सोडा पुरता धुतला गेला आहे ना, हे आधी वीतभर तुकड्यावर पाहावे.

दिवाही विचारून घ्यावा. 395 नॅनोमीटरच्या एलईडीखाली साधे लवण जवळजवळ काम करत नाही. जोडीला अँथ्रासीन जातीचा साहाय्यक लागतो. भाव ठरवताना तर खास सावध राहावे. हे रसायन पुष्कळदा प्रॉपिलीन कार्बोनेटमध्ये निम्मे विरघळवून विकतात, म्हणजे किलोच्या दरात खरा माल अर्धाच. अँटिमनीचे लवण चपळ पण विषारी, फॉस्फेटचे त्याहून मंद. काही जातींतून उजेडात बेंझीन सुटते, ज्याने रक्ताचा कर्करोग होतो. खाण्याच्या पाकिटांना असली जात घेऊ नये, आणि कारखान्यात हवा खेचणारा पंखा हवाच.

आमची लेबले अखेर गरम हवेखालून काढल्यावर सुकली. तो खर्च कोणी सोसायचा, याचा हिशेब मात्र अजून मिटलेला नाही.