मोंटानात टॅक्स नसतो, असं म्हणणाऱ्यांसाठी

निवृत्तीनंतर कुठे राहायचं हा विषय निघाला की अमेरिकेतल्या मराठी मंडळींत कोणीतरी हमखास म्हणतं, "मोंटानात जा. तिथे टॅक्सच नाही." शिकागोच्या उपनगरांत हे ऐकलं, एडिसनला ऐकलं, बे एरियात तर नेहमीच ऐकू येतं. सांगणाऱ्याने मोंटानाचं टॅक्स रिटर्न कधी पाहिलेलं नसतं. ऐकणारा मात्र घरी जाऊन डोंगराकडेची घरं शोधायला लागतो.

ओढ समजण्यासारखी आहे. राज्य महाराष्ट्रापेक्षा मोठं आणि २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १०,८४,२२५. आपल्या एकट्या ठाणे शहरात त्याहून जास्त माणसं राहतात. उत्तरेला ग्लेशियर नॅशनल पार्क, दक्षिण सीमेवर यलोस्टोन. तीस-पस्तीस वर्षं हायवेच्या गर्दीत घालवलेल्या माणसाला असं मोकळं आकाश हवंसं वाटलं तर त्यात गैर काहीच नाही. गैर आहे ते एक वाक्य. त्या वाक्याच्या भरवशावर लोक राहती घरं विकायला निघतात, म्हणून ते नीट तपासायला हवं.

मोंटानात सेल्स टॅक्स नाही. खरं आहे ते एवढंच. तो लावावा का, हे तिथल्या मतदारांना १९७१ मध्ये आणि पुन्हा १९९३ मध्ये विचारलं गेलं आणि दोन्ही वेळा त्यांनी तो मोठ्या फरकाने फेटाळला. तरीही व्हाइटफिश, रेड लॉज, वेस्ट यलोस्टोन अशा पर्यटनाच्या गावांत हॉटेल, जेवण आणि चैनीच्या वस्तूंवर स्थानिक 'रिसॉर्ट टॅक्स' भरावा लागतो.

इन्कम टॅक्स मात्र आहे, आणि चांगला सणसणीत आहे. २०२४ मध्ये त्याचे दोन टप्पे होते, ४.७ आणि ५.९ टक्के. २०२५ च्या कायद्याने वरचा दर २०२६ साठी ५.६५ आणि २०२७ पासून ५.४ टक्क्यांवर आणला. इन्कम टॅक्स नाही तो शेजारच्या वायोमिंगमध्ये. पण तिथे सेल्स टॅक्स आहे. लोकांनी एका राज्याची एक सवलत उचलली, दुसऱ्याची दुसरी, आणि दोन्ही मोंटानाच्या नावावर जमा केल्या. त्यात भर पडली नंबरप्लेटची. दुसऱ्या राज्यांतले श्रीमंत लोक मोंटानात कागदोपत्री कंपनी काढून महागड्या गाड्या आणि मोटरहोम तिच्या नावावर घेतात, म्हणजे सेल्स टॅक्स वाचतो. कॅलिफोर्नियासारखी राज्यं अशा गाड्यांच्या मागे लागतात, दंडही करतात. 'टॅक्स नसलेलं राज्य' ही कीर्ती पसरण्यात या गाड्यांचाही हात असावा.

आता निवृत्तांच्या खऱ्या प्रश्नाकडे येऊ. निवृत्त माणसाचं उत्पन्न बहुतेक दोन ठिकाणांहून येतं: सोशल सिक्युरिटी आणि ४०१(के) किंवा आयआरए. सोशल सिक्युरिटीवर राज्याचा टॅक्स लावणारी राज्यं २०२५ मध्ये पन्नासांपैकी फक्त नऊ होती. मोंटाना त्या नऊंत आहे. कॅलिफोर्निया नाही, न्यू जर्सी नाही, इलिनॉय नाही. इलिनॉय तर ४०१(के) आणि पेन्शनलाही हात लावत नाही.

एक हिशेब मांडून बघा. दोघंही पासष्टच्या पुढचे. ४०१(के)मधून वर्षाला ६०,००० डॉलर काढतात, दोघांची मिळून सोशल सिक्युरिटी ४०,०००. केंद्राच्या नियमाने सोशल सिक्युरिटीचे ८५ टक्के, म्हणजे ३४,००० करपात्र धरले जातात. २०२४ ची केंद्राची स्टँडर्ड डिडक्शन ज्येष्ठांच्या वाढीव रकमेसह ३२,३००. ती वजा केली. मोंटाना त्या वर्षी पासष्टच्या पुढच्या प्रत्येकाला ५,५०० ची वजावट देत होतं. तीही दोघांची मिळून घेतली. उरतात ५०,७००. त्यावर २०२४ च्या दरांनी राज्याचा टॅक्स साधारण अडीच हजार डॉलर होतो. हेच जोडपं नेपरव्हिलमध्ये राहिलं असतं तर या उत्पन्नावर इलिनॉयला भरायचा टॅक्स शून्य. ज्यांना शंका असेल त्यांनी मोंटानाच्या महसूल विभागाची 'फॉर्म २'ची सूचनापुस्तिका उघडावी. सगळ्यांना खुली आहे.

"पण सेल्स टॅक्स वाचतो ना!" किती? आठ टक्के दर धरला तरी अडीच हजार वाचवायला वर्षाला एकतीस हजारांहून जास्त किमतीची करपात्र खरेदी करावी लागेल. निवृत्तांचा मोठा खर्च म्हणजे औषधं, विम्याचे हप्ते, डॉक्टर, घराची देखभाल, प्रवास. यातल्या बहुतेक गोष्टींना अनेक राज्यांत सेल्स टॅक्स मुळातच नसतो. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीत वाणसामानालाही नाही.

मग कोणी म्हणतं, "माझे पैसे इलिनॉयमध्ये कमावलेले आहेत, मोंटानाचा काय संबंध?" १९९६ च्या केंद्रीय कायद्याने हा प्रश्न निकालात काढला आहे. राज्य सोडून गेलेल्या माणसाच्या निवृत्तीच्या पैशांवर जुन्या राज्याला टॅक्स लावता येत नाही; टॅक्स लावतं ते तुम्ही राहता ते राज्य. कॅलिफोर्नियातून नेव्हाडात जाणाऱ्याला याचा फायदा होतो. इलिनॉयमधून मोंटानात जाणाऱ्याचं याच कायद्याने नुकसान होतं.

आपल्या लोकांसाठी आणखी दोन गोष्टी. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि एनआरई ठेवीवरचं व्याज अमेरिकेच्या केंद्रीय रिटर्नमध्ये दाखवावंच लागतं, ते व्याज भारतात करमुक्त असलं तरी. मोंटानाचं रिटर्न तिथूनच सुरू होतं, त्यामुळे तेही पैसे आपोआप त्यात येतात. दुसरी गोष्ट घरपट्टीची. २०२३ च्या फेरमूल्यांकनानंतर तिथली घरपट्टी इतकी वाढली की २०२५ मध्ये कायदा बदलावा लागला. आता राहत्या घराला सवलतीचा दर आहे आणि दुसऱ्या घराला चढा. सवलत हवी तर वर्षातले किमान सात महिने त्या घरात राहायला हवं. "सहा महिने मोंटाना, सहा महिने पुणे" असा बेत करणाऱ्या कितीतरी जणांना हे ठाऊक नसतं, आणि त्यांचा दर ठरतो तो नेमका याच एका महिन्याने.

ज्यांना फायदा होईल असेही लोक आहेत, हे सांगायलाच हवं. इलिनॉय आणि न्यू जर्सीची घरपट्टी देशात सर्वांत जास्त घरपट्ट्यांपैकी आहे. इलिनॉयमध्ये चाळीस लाख डॉलरच्या वरच्या मालमत्तेला मृत्यूनंतर राज्याचा वेगळा टॅक्स लागतो. मोंटानात तसा टॅक्स नाही. मोठं घर आणि मोठी पुंजी असेल तर गणित मोंटानाच्या बाजूने झुकूही शकतं. पण ते आपापले आकडे घालून कागदावर करायचं गणित आहे. कोणाच्या तरी एका वाक्यावर ते सोडून देता येत नाही.

"निदान घरं तरी स्वस्त आहेत" हेही आता जुनं झालं. करोनाच्या काळात घरून काम करणारे शहरी लोक तिथे आले, आणि बोझमनमध्ये स्वतंत्र घराच्या किमती सात लाख डॉलरच्या घरात गेल्या. स्वस्त घर अजून मिळतं, पण पूर्वेकडच्या लहान गावांत. आणि पूर्वेकडे डोंगर नाहीत. राज्याचा मोठा भाग गवताळ, सपाट माळ आहे, जाहिरातीतल्या फोटोत तो येत नाही.

जमिनीबद्दलचे गैरसमज जास्त महागात पडतात, कारण ते पैसे भरून झाल्यावर लक्षात येतात. ओढ्याकाठची पाच एकर घेतली म्हणजे ओढ्याचं पाणी आपलं झालं, असं आपण गृहीत धरतो. पश्चिमेतल्या राज्यांत पाण्याचा हक्क जमिनीपासून वेगळा असतो. ज्याने आधी पाणी वापरात आणलं त्याचा हक्क आधी. १८८० च्या सुमाराचा हक्क असलेल्या खालच्या शेतकऱ्याचं पाणी पूर्ण होईपर्यंत वरच्या नव्या मालकाला कोरड्या उन्हाळ्यात एक बादलीही उचलता येत नाही. घरापुरती लहान विहीर घेण्याची मुभा आहे, पण तिलाही मिनिटाला ३५ गॅलन आणि वर्षाला १० एकर-फूट अशी मर्यादा आहे. हक्काची नोंद राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाकडे मिळते. व्यवहाराआधी ती वाचा.

नदीचंही तसंच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ मधल्या निकालांनंतर १९८५ मध्ये कायदा झाला, आणि नदीच्या नेहमीच्या उच्च पाणीरेषेपर्यंतचा पट्टा लोकांना मासेमारीसाठी, नावेसाठी खुला झाला. काठ तुमचा असला तरी पात्रातून चालत जाणाऱ्याला हटकता येत नाही. मला हा कायदा फार योग्य वाटतो. नदी सगळ्यांची असायला हवी. फक्त खासगी नदीकाठाचे पैसे मोजणाऱ्याला तो आधी माहीत असावा. कुंपणाचा नियमही आपल्या कल्पनेच्या उलट आहे. राज्याच्या बहुतेक भागात गुरं मोकळी चरतात आणि ती आपल्या अंगणात यायला नको असतील तर कुंपण आपण घालायचं असतं.

काही गैरसमज एकेका ओळीचे. "वर्षभर बर्फच असतो": १९३७ मध्ये मेडिसिन लेक इथे ४७ अंश सेल्सिअसची नोंद आहे. "थंडीची सवय होते": होते, पण १९५४ मध्ये रॉजर्स पासला पारा उणे ५७ पर्यंत उतरला होता आणि १९७२ मध्ये लोमा गावात चोवीस तासांत ५७ अंश सेल्सिअसचा फरक पडला, म्हणजे सवय नेमकी कशाची करायची हे ठरवणं अवघड आहे. "वणवे उन्हाळ्यात लागतात": डेंटन गावातली दोन डझन घरं १ डिसेंबर २०२१ ला जळाली, म्हणून घराच्या विम्याचा दर घर बघतानाच विचारा. "आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळालं की मेडिकेअर मिळतं": अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिल्यावर ते विकत घेता येतं, त्याआधी नाही.

शेवटचा गैरसमज मला सगळ्यांत जास्त काळजीचा वाटतो: "मेडिकेअर आहे ना, मग कुठेही राहा." मेडिकेअर बिल भरतं. डॉक्टर जवळ आणून देत नाही. मोंटानातल्या लहान गावांतली रुग्णालयं बहुतेक 'क्रिटिकल ॲक्सेस' वर्गातली आहेत: जास्तीत जास्त २५ खाटा, आणि रुग्णांचा सरासरी मुक्काम ९६ तासांच्या आत. तिथली माणसं जीव तोडून काम करतात, पण हृदयाची शस्त्रक्रिया किंवा मेंदूतला रक्तस्राव तिथे हाताळता येत नाही. गंभीर अपघातांसाठीचा सर्वोच्च, लेव्हल वन दर्जा मोंटानात पहिल्यांदा बिलिंग्ज क्लिनिकला मिळाला, तोही २०२३ मध्ये. मिझुलाहून बिलिंग्ज गाडीने पाच तास.

तेवढ्या अंतरासाठी हेलिकॉप्टर किंवा विमान बोलवावं लागतं. खासगी विमा असलेल्यांना हवाई रुग्णवाहिकेच्या अनपेक्षित बिलापासून जानेवारी २०२२ पासून केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. रस्त्यावरची रुग्णवाहिका त्या कायद्यात नाही. पासष्टच्या आत निवृत्त होणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा, कारण मेडिकेअर सुरू होईपर्यंत त्यांना खासगी विम्यावरच राहायचं आहे. 'मेडिकेअर ॲडव्हांटेज' घेतलेल्यांनी आपल्या योजनेत त्या काउंटीतले कोणते डॉक्टर आहेत, हे स्थलांतराआधी फोन करून विचारावं. योजना काउंटीनुसार बदलतात.

घर पसंत पडलं तर त्या घरापासून हृदयविकाराचा विभाग असलेल्या रुग्णालयापर्यंत एकदा स्वतः गाडी चालवत जा. जुलैत नको, जानेवारीत जा, अंधार पडल्यावर. किती वेळ लागला ते लिहून ठेवा आणि मगच घराच्या किमतीची घासाघीस सुरू करा.