इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुन्या इंजेक्शन-मोटारींतील इंधननळ्यांची निवड

ऊस आणि मोटार यांचा संबंध कोल्हापूर जिल्ह्यात केवळ वाहतुकीपुरता उरलेला नाही. येथील साखर कारखान्यांच्या आसवन्यांत मळीपासून व उसाच्या रसापासून जे इथेनॉल तयार होते, ते निर्जल स्वरूपात पेट्रोलमध्ये मिसळले जाऊन मोटारीच्या टाकीत येऊन पोहोचते. या मिश्रणाचा इतिहासही या परिसराला परका नाही. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासंबंधीचा कायदा आपल्या देशात १९४८ सालीच झाला होता. परंतु आजच्या योजनेचा आरंभ २००१ मध्ये ज्या प्रायोगिक केंद्रांवर ५ टक्के मिश्रणाने झाला, त्यांत मनमाड व बरेली यांच्याबरोबर कोल्हापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या मिरजेचा समावेश होता. २००३ मध्ये ही योजना नऊ राज्यांत लागू झाली, २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांची पातळी गाठली आणि २०२५ मध्ये ती २० टक्क्यांवर गेली.

नवी मोटार या इंधनासाठीच घडविलेली असते. जुन्या मोटारीचे तसे नाही. पुण्यात १९९५ पासून जोडणी झालेली मर्सिडीझ ई २२०, किंवा त्याही पूर्वी परदेशातून आलेल्या इंजेक्शन-पद्धतीच्या गाड्या, यांच्या रबरी नळ्या निवडल्या गेल्या त्या वेळी २० टक्के इथेनॉल हिशेबात नव्हते. अशा गाडीची नळी बदलताना कोणती नळी घ्यावी, हा प्रश्न वरवर कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो बहुवारिकांच्या रसायनशास्त्राचा आहे. त्याचे उत्तर चुकले तर परिणाम केवळ खर्चाचा नसून आगीचा असतो.

नळीवरील भार

कार्ब्युरेटरच्या गाडीत इंधननळीतील दाब एका वातावरणाच्या तृतीयांशाहून क्वचितच अधिक असतो. तेथे नळीला चीर गेली, तर पेट्रोल ठिबकते व वासाने लक्षात येते. इंजेक्शन-पद्धतीत स्थिती निराळी असते. १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत प्रथम वापरल्या गेलेल्या बॉशच्या डी-जेट्रॉनिक पद्धतीत दाब सुमारे २ बार असतो. त्यानंतरच्या विद्युत-नियंत्रित पद्धतींत तो बहुधा २.५ ते ४ बार, आणि १९७३ मध्ये आलेल्या यांत्रिक के-जेट्रॉनिक पद्धतीत सुमारे ५ बार असतो. या दाबाखाली बारीक छिद्रातूनही पेट्रोलचा फवारा उडतो. तो तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर किंवा विजेच्या ठिणगीवर पडला, तर चालकाला वास येण्यापूर्वीच पेट घेऊ शकतो. शिवाय पंप चालू असेतोपर्यंत इंधनाचा पुरवठा खंडत नाही.

रबर का फुगते

नायट्राइल रबर हे ब्युटाडाइन व ॲक्रिलोनायट्राइल यांचे सहबहुवारिक होय. त्यातील ॲक्रिलोनायट्राइलच्या ध्रुवीय गटांमुळे ते पेट्रोलमधील अध्रुवीय हायड्रोकार्बनांना दाद देत नाही. म्हणूनच अनेक दशके इंधननळ्या याच रबराच्या होत आल्या. एखादे द्रव रबरात किती शिरेल, याचा स्थूल अंदाज दोहोंच्या विद्राव्यता-अंकांच्या तुलनेने करता येतो. हे अंक जितके जवळ, तितका फुगवटा अधिक.

मेगापास्कलच्या वर्गमुळाच्या एककात पेट्रोलचा अंक सुमारे १६, इथेनॉलचा सुमारे २६.५ आणि नायट्राइल रबराचा, त्याच्या घटनेनुसार, १९ ते २० च्या आसपास धरता येतो. आता २० टक्के मिश्रणाचा अंक आकारमानाच्या सरासरीने काढला, तर ०.८ गुणिले १६ अधिक ०.२ गुणिले २६.५, म्हणजे सुमारे १८.१ येतो. शुद्ध पेट्रोल रबरापासून एका बाजूस दूर असते, शुद्ध इथेनॉल दुसऱ्या बाजूस त्याहूनही दूर असते. मिश्रण मात्र रबराच्या जवळ सरकते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : जे रबर पेट्रोलमध्ये टिकते आणि इथेनॉलमध्येही टिकते, ते त्या दोहोंच्या मिश्रणात टिकेलच असे नाही. हायड्रोजन-बंधांमुळे ही सरासरी काटेकोर ठरत नाही. प्रत्यक्ष चाचण्यांत कमाल फुगवटा बहुधा १० ते २५ टक्के इथेनॉलच्या दरम्यान आढळतो. म्हणजे आज पंपावर मिळणारे मिश्रण नेमके याच पट्ट्यात पडते.

फुगण्याबरोबर दुसरी क्रिया घडते. रबर लवचीक राहावे म्हणून त्यात घातलेली मृदुकारक द्रव्ये मिश्रण हळूहळू धुऊन नेते. गाडी चालत असते तोवर फुगवट्यामुळे ही हानी झाकली जाते. परंतु गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली आणि नळी कोरडी पडली, की ती आकसते, कडक होते व क्लिपेच्या कडेशी तडकते. हौसेने जपलेली जुनी गाडी वर्षाचा बराच काळ उभीच असते. त्यामुळे रोज धावणाऱ्या गाडीपेक्षा तिच्या नळ्यांना हा धोका अधिक संभवतो. कोल्हापूरच्या पावसाळ्यातील दमट हवा त्यात भर घालते. इथेनॉल आर्द्रताग्राही असल्याने ते हवेतील पाणी शोषते, आणि पाण्याचे प्रमाण मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल यांचा जड थर टाकीच्या तळाशी वेगळा होतो. पंपाची ओढनळी बहुधा याच थरात बुडालेली असते.

पदार्थांची तुलना

नायट्राइलला पहिला पर्याय फ्लुओरोकार्बन रबराचा, म्हणजे बाजारात व्हायटन या व्यापारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्गाचा होय. त्यातील फ्लुओरिनचे प्रमाण साधारणतः ६६ ते ७० टक्के असते, व ते जितके वाढते तितका अल्कोहोलला होणारा विरोध वाढतो. हे रबर महाग असल्याने संपूर्ण नळी त्याची करीत नाहीत. आतील अस्तर तेवढे त्याचे असते, त्यावर दुसऱ्या रबराचा थर व धाग्यांचे विणकाम, आणि बाहेर उष्णता व ओझोन सोसणारे आवरण असते.

दुसरा पर्याय टेफ्लॉनच्या अस्तराची, बाहेरून पोलादी तारेची जाळी असलेली नळी हा आहे. इथेनॉलचा तिच्यावर व्यवहारतः परिणाम होत नाही. मात्र तिला साधी क्लिप चालत नाही, विशिष्ट जोडणीच लागते. शिवाय वाहत्या पेट्रोलमुळे साठणारा स्थिर विद्युत्‌भार निघून जावा म्हणून अस्तर कार्बनयुक्त, विद्युत्‌वाहक असणे इष्ट असते.

काही पदार्थ मात्र सर्वथा वर्ज्य होत. रेडिएटरच्या पाण्याची नळी बहुधा ई. पी. डी. एम. रबराची असते, ती पेट्रोलमध्ये झपाट्याने फुगते. सिलिकोन रबर उष्णता उत्तम सोसते, परंतु पेट्रोलची वाफ त्यातून सहज आरपार जाते. हाताशी असलेला तुकडा तात्पुरता लावण्याचा मोह या दोन्ही बाबतींत घातक ठरतो.

मानकांचा अर्थ

नळीवर छापलेली अक्षरे बहुधा अमेरिकन अभियंता-संस्थेच्या एस. ए. ई. जे ३० या मानकातील असतात. त्यातील ‘३० आर ७’ वर्ग कार्ब्युरेटरच्या कमी दाबासाठी आहे. त्याचा कार्यदाब ५० पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे सुमारे ३.४ बार असतो. ‘३० आर ९’ वर्ग इंजेक्शनसाठी असून सामान्य व्यासांना त्याचा कार्यदाब १०० पौंड, म्हणजे सुमारे ६.९ बार आहे. झिरपण्याची मर्यादा पहिल्यात दर चौरस मीटरला दिवसाकाठी ५५० ग्रॅम, तर दुसऱ्यात १५ ग्रॅम आहे. ८ मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर नळीचे आतील क्षेत्रफळ सुमारे ०.०२५ चौरस मीटर भरते. त्या हिशेबाने पहिल्या नळीतून दिवसाला जवळजवळ १४ ग्रॅम, तर दुसरीतून अर्ध्या ग्रॅमहूनही कमी इंधन झिरपण्यास मुभा राहते. चाचणीची परिस्थिती सर्वस्वी एकसारखी नसल्याने ही तुलना स्थूल समजावी. तथापि बंद गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या दृष्टीने तिचा अर्थ स्पष्ट आहे.

येथे तीन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. पहिली अशी की ‘आर ९’ नळीचे अस्तरच काय ते इंधनाला तोंड देते, आवरण नव्हे. म्हणून टाकीच्या आत, इंधनात बुडून राहणाऱ्या जागी, त्यासाठी असलेली ‘३० आर १०’ नळीच हवी. दुसरी अशी की परतीच्या नळीत दाब नगण्य असला तरी इंधन तेच असते; तेथे हलकी नळी लावण्यात काटकसर नाही. तिसरी अशी की के-जेट्रॉनिकच्या ५ बार दाबाला ‘आर ९’ ची राखीव क्षमता थोडीच उरते. तेथे दाबयंत्राने बसविलेल्या टोकांची तयार नळी किंवा टेफ्लॉनची नळी योग्य होय. या पद्धतीत इंजिन बंद केल्यावरही संचायकामुळे दाब टिकून राहतो, म्हणून नळी सोडविण्यापूर्वी तो उतरविणे अगत्याचे आहे.

जोडणी व पडताळणी

चांगली नळीही वाईट क्लिपेने निकामी होते. भोके पाडलेल्या पट्टीची स्क्रू-क्लिप आवळली की तिच्या कडा आवरणात रुततात. इंजेक्शनसाठी कडा बाहेर वळविलेली, सलग पट्टीची क्लिप वापरावी. नळीचा व्यासही तंतोतंत जुळला पाहिजे. ५/१६ इंची नळी ७.९ मिलिमीटरची असते, ती ७ मिलिमीटरच्या धातुनळीवर आवळून बसविणे धोक्याचे होय.

छापील अक्षरांवर विसंबून न राहता नळीची पडताळणी साध्या प्रयोगशाळेतही करता येते. नळीच्या अस्तराचा छोटा तुकडा हवेत व पाण्यात तोलून त्याचे आकारमान काढावे; पंपावरील पेट्रोलमध्ये बंद बाटलीत, ज्वालेपासून दूर, १६८ तास बुडवून पुन्हा तोलावे; नंतर पूर्ण वाळवून तिसऱ्यांदा तोलावे. दुसऱ्या मापनातून फुगवटा कळतो, तर तिसऱ्यातून धुपून गेलेल्या मृदुकारकाचे प्रमाण कळते. ए. एस. टी. एम. डी ४७१ या चाचणीचे तत्त्व हेच आहे. शिवाजी उद्यमनगरातील कारागिराच्या अनुभवाला अशा मापनाची जोड मिळाली, तर नकली नळी ओळखणे पुष्कळ सुकर होईल.

नळी बदलल्याने सर्व प्रश्न सुटतात असे मात्र नाही. २० टक्के मिश्रणास पूर्ण ज्वलनासाठी लागणारे हवेचे प्रमाण १४.७ वरून सुमारे १३.५ वर येते, आणि ऑक्सिजन-संवेदक नसलेल्या जुन्या पद्धतीत इंजिन तितके हवेने अधिक व इंधनाने उणे चालते. ते दुरुस्त करणे हा वेगळा विषय होय. इंधननळीचे काम त्याआधीचे आहे : इंधन इंजिनपर्यंत पोहोचविणे आणि वाटेत कोठेही बाहेर पडू न देणे. २० टक्के मिश्रणाच्या काळात एवढे काम नीट पार पाडण्यासाठी फ्लुओरोकार्बन किंवा टेफ्लॉनचे अस्तर ही चैन नसून किमान आवश्यकता आहे.